जुन्या घरांच्या खिडक्या आणि घरफोडीचा प्रतिबंध

जुन्या घराच्या सुरक्षिततेचा विचार सुरू झाला की पहिले लक्ष खिडक्यांकडे जाते, आणि खिडकी बळकट करावयाची म्हणजे तिला जाड लोखंडी गज बसवावयाचे, असा निष्कर्ष बहुधा चर्चेवाचूनच काढला जातो. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि काही परिस्थितीत घातकही आहे. गज कितीही जाड असला तरी तो ज्या लाकडात बसविलेला असतो ते लाकूड कुजलेले असेल, ते लाकूड ज्या भिंतीत रोवलेले असते त्या भिंतीचा गारा सुटलेला असेल, तर गजाची जाडी निरुपयोगी ठरते. उलटपक्षी गज, चौकट व भिंत ही तिन्ही अभेद्य झाली, तर आग लागल्यास तीच खिडकी आतील माणसांचा मार्ग अडविते. महाराष्ट्रातील वाडे, चाळी व जुनी कौलारू घरे आणि गोव्यातील पोर्तुगीज अमदानीतील घरे ही उदाहरणे मुख्यत्वे डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. घरफोडी आणि सांधा

मराठीतील ‘घरफोडी’ हा शब्द मोठा बोलका आहे. त्यात फोडावयाचे असते ते कुलूप नव्हे, तर घर. कच्च्या विटांच्या, पांढऱ्या मातीच्या अथवा कुडाच्या घरात दारापेक्षा भिंत फोडणेच चोराला सोयीचे असे. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ हे प्रकरण देवलांच्या रूपांतरामुळे मराठी रंगभूमीलाही परिचित आहे. त्याच्या तिसऱ्या अंकात चारुदत्ताच्या घरात शिरणारा शर्विलक भिंतीची रीतसर परीक्षा करतो. भाजलेल्या विटा ओढून काढाव्या, कच्च्या विटा कापाव्या, मातीच्या भिंतीवर पाणी शिंपडावे आणि लाकूड चिरावे, असे पदार्थपरत्वे चार उपाय तो सांगतो. नित्य पाणी पडून क्षाराने खाल्लेली आणि उंदरांनी पोखरलेली जागा त्याला सापडते व ती तो निवडतो. भिंतीत पाडलेल्या अशा भोकाला संस्कृतात ‘संधि’ अशी संज्ञा आहे, आणि सुताराच्या व गवंड्याच्या बोलीतील ‘सांधा’ हा शब्द त्याच मूळाचा आहे. नाटकातील या प्रसंगातून मिळणारे तांत्रिक तत्त्व आजही खरे आहे. आक्रमण पदार्थाच्या बळावर होत नाही. ते दोन पदार्थांच्या जोडावर, आणि ओलीने दुबळ्या झालेल्या जागेवर होते.

कायद्याची दृष्टीही येथे उद्बोधक आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ४४२ व्या कलमात, अतिक्रमण करणाऱ्याच्या शरीराचा कोणताही भाग घरात शिरणे हे गृह-अतिक्रमणास पुरेसे मानले होते. ४४५ व्या कलमाखाली दिलेल्या उदाहरणांत भिंतीला भोक पाडून त्यातून केवळ हात आत घालणाराही घरफोडी करणारा ठरतो, आणि खिडकीतून आत शिरणारासुद्धा ठरतो. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या ३२९ व ३३० या कलमांत या व्याख्या आल्या आहेत. हात शिरणे म्हणजेच प्रवेश, ही कायद्याची कल्पना खिडकीच्या बाबतीत व्यवहारालाही धरून आहे. गजांमधून माणूस शिरू शकत नसला तरी हात शिरतो. आणि शेजारच्या दाराची कडी हाताच्या टप्प्यात असेल तर माणसाला खिडकीतून शिरण्याचे कारणच उरत नाही.

२. प्रतिकार म्हणजे विलंब

कोणतीही खिडकी अभेद्य नसते. पुरेसा वेळ, योग्य हत्यारे आणि आवाजाची बेफिकिरी या तीन गोष्टी ज्याच्यापाशी आहेत त्याला कोणताही गज कापता येतो. म्हणून खिडकीच्या प्रतिकारशक्तीचे माप बळाच्या परिमाणात न सांगता वेळेच्या परिमाणात सांगणे अधिक सयुक्तिक होय. युरोपातील ‘ईएन १६२७’ हे मानक याच तत्त्वावर रचलेले आहे. त्यात खिडक्या-दारांचे सहा प्रतिकारवर्ग कल्पिले आहेत. दुसऱ्या वर्गातील खिडकीने स्क्रू-ड्रायव्हर, पकड, पाचर अशा साध्या हत्यारांपुढे ३ मिनिटे टिकले पाहिजे. तिसऱ्या वर्गातील खिडकीने कटावणीपुढे ५ मिनिटे टिकले पाहिजे. आणि चौथ्या, पाचव्या व सहाव्या वर्गांसाठी ही मुदत अनुक्रमे १०, १५ व २० मिनिटे आहे. घरगुती वापरासाठी सामान्यतः दुसरा वा तिसरा वर्ग पुरेसा समजतात. तीन मिनिटे हा अवधी ऐकताना क्षुल्लक वाटतो. परंतु रात्रीच्या शांततेत, अपरिचित जागी, आवाज करीत घालविलेली तीन मिनिटे चोराच्या दृष्टीने फार मोठी असतात.

अशा विलंबाचा प्रत्यक्ष परिणाम होतो काय, याचे उत्तर नेदरलँड्समधील अनुभवातून मिळते. त्या देशात १९९९ पासून प्रत्येक नव्या घराच्या खिडक्या व दारे घरफोडीला प्रतिकार करणारी असली पाहिजेत, असा बांधकाम नियम झाला. बेन फोलार्ड आणि यान फान आउर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नियमापूर्वीच्या व नंतरच्या घरांची तुलना केली. नव्या घरांत घरफोडीचे वार्षिक प्रमाण शेकडा १.१ वरून शेकडा ०.८ वर आले, म्हणजे सुमारे एक चतुर्थांशाने घटले, असे त्यांना आढळले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हा नियम घरांना तुरुंगाचे स्वरूप देणारा नव्हता. त्याचा भर चौकटी, बिजागऱ्या, कड्या व कुलुपे यांच्या दर्जावर, म्हणजेच सांध्यांवर होता.

३. जुन्या खिडकीची रचना

पुण्यातील अथवा सातारा-वाई भागातील जुन्या वाड्याच्या रस्त्याकडील तळमजल्यास खिडक्या थोड्या आणि लहान असत. मोठ्या खिडक्या माडीवर अथवा आतील चौकाकडे असत. ही रचना स्वतःच संरक्षक होती. सुरक्षिततेचा भार खिडकीवर न ठेवता तो जाड भिंतीवर, दिंडी दरवाजावर आणि त्याच्यामागील अडसरावर ठेवलेला होता. पुढे वाड्यांतून भाडेकरू आले, एका कुटुंबाच्या घराच्या अनेक खोल्या झाल्या, आणि उजेड व वारा मिळावा म्हणून मागच्या बोळाकडे नव्या खिडक्या पाडण्यात आल्या. जुन्या घरांत दुबळ्या ठरतात त्या पुष्कळदा या मागाहून पाडलेल्या खिडक्या. त्यांच्या चौकटी भिंत बांधताना रोवलेल्या नसतात. त्या तयार भिंतीत भोक पाडून, विटांचे तुकडे व गारा भरून बसविलेल्या असतात.

मूळच्या खिडकीची चौकट बहुधा सागवानी असते. तिच्या वरच्या व खालच्या आडव्या लाकडांची टोके दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर काढून भिंतीत दाबलेली असतात, आणि त्यामुळे चौकट सहजासहजी बाहेर ओढता येत नाही. या दोन आडव्या लाकडांना भोके पाडून त्यांत उभे गज बसवितात. झडपा दोन असून त्या आत अथवा बाहेर उघडतात, आणि त्यांना आतून कडी-कोयंडा, खिट्टी अथवा अडणा असतो. मुंबईच्या चाळींत व बंगल्यांत पट्ट्यांच्या झडपा आणि काचेची तावदाने आली. गोव्याच्या जुन्या घरांत काचेऐवजी बारीक लाकडी पट्ट्यांच्या जाळीत पारभासी शिंपल्या बसविलेल्या असत. या शिंपल्या प्रकाश देतात, परंतु प्रतिकार मुळीच करीत नाहीत.

४. गजाचे बळ आणि गजाचे टोक

गजाच्या बाबतीत दोन गोष्टींचा हिशेब स्वतंत्रपणे केला पाहिजे : गज वाकविण्यास लागणारे बळ, आणि वाकलेल्या गजाच्या टोकांचे वर्तन.

साध्या पोलादाची कायमचे वाकण्याची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन धरली आणि गजाची मोकळी लांबी १२० सेंटिमीटर घेतली, तर टोके भोकांत सैल असलेला १२ मिलिमीटर व्यासाचा गोल गज मध्यभागी सुमारे २४ किलोग्रॅम भाराएवढ्या बळाने कायमचा वाकतो. १६ मिलिमीटरच्या गजास सुमारे ५८ किलोग्रॅम आणि २० मिलिमीटरच्या गजास सुमारे ११३ किलोग्रॅम भार लागतो. बळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते हे यावरून दिसून येईल. तथापि, भिंतीला पाय रोवून दोन्ही हातांनी ओढणाऱ्या धडधाकट माणसास १६ मिलिमीटरचा लांब गजही आवाक्याबाहेरचा नाही, हेही त्यावरून तितकेच स्पष्ट होते. दोन गजांमध्ये मोटारीचा जॅक बसविल्यास प्रश्नच उरत नाही.

आता त्याच गजांच्या मध्यावरून भोके असलेली एक आडवी पोलादी पट्टी घालून तिची टोके चौकटीत पक्की केली, तर प्रत्येक गजाची मोकळी लांबी निम्मी होते आणि वाकविण्यास लागणारे बळ निदान दुप्पट होते. गजांची टोकेही घट्ट जखडली, तर ते पुन्हा जवळजवळ दुप्पट होऊ शकते. म्हणजे गज न बदलता, केवळ सांधे सुधारून, १६ मिलिमीटरच्या गजाचे बळ ५८ किलोग्रॅमवरून २०० किलोग्रॅमच्या पलीकडे नेता येते. जुने गज काढून २० मिलिमीटरचे नवे, परंतु पूर्वीसारखेच सैल गज बसविण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आहे आणि अधिक परिणामकारकही आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असूनही बहुधा दुर्लक्षित राहते. १२० सेंटिमीटर लांबीचा गज मध्यभागी १० सेंटिमीटर बाजूला सरला की त्याची दोन्ही अर्धी तिरपी होतात, आणि टोकांमधील सरळ अंतर सुमारे १.७ सेंटिमीटरने कमी होते. भोकाची खोली दीड सेंटिमीटरच असेल, तर एवढ्या वाकण्याने गज भोकातून निसटून हाती येतो. भोक ५ सेंटिमीटर खोल असेल, तर गज वाकूनही जागेवर राहतो. जुन्या खिडक्यांत खालच्या आडव्या लाकडातील भोकांत पावसाचे पाणी साचते. तेथील लाकूड कुजते आणि लोखंड गंजून बारीक होते. वरून ठाकठीक दिसणारा गज खाली केवळ रंगाच्या थराने धरलेला असतो. म्हणून जुन्या खिडकीची पहिली परीक्षा गजाच्या मध्यावर न करता त्याच्या खालच्या टोकाशी, अणकुचीदार हत्याराने लाकूड टोचून करावी. हत्यार सहज रुतत असेल, तर तेवढा भाग कापून तेथे त्याच जातीच्या लाकडाचा जोड देणे आवश्यक होय.

गजांमधील मोकळे अंतर १० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे. त्यायोगे चोराच्या शरीराचा प्रवेश रोखला जातो, आणि घरातील लहान मूल डोके अडकवून घेण्याचा अथवा बाहेर पडण्याचा धोकाही टळतो. मात्र दाराशेजारच्या खिडकीस हे अंतर पुरेसे नाही. माणसाचा हात, आणि हातातील आकडी लावलेली काठी, १० सेंटिमीटरमधून खुशाल जाते. अशा खिडकीस गजांखेरीज आतील बाजूने जाड तारेची जाळी लावावी अथवा दाराची कडी हाताच्या टप्प्याबाहेर न्यावी.

५. चौकट आणि भिंत

गज चौकटीत पक्के झाले की आक्रमण एक पायरी मागे सरकते व ते चौकट आणि भिंत यांच्या सांध्यावर येते. मागाहून बसविलेल्या चौकटीच्या बाबतीत कटावणीने संपूर्ण चौकट गजांसह बाहेर काढता येते. यावर उपाय म्हणजे चौकटीच्या दोन्ही उभ्या बाह्यांना पोलादी होल्डफास्ट लावून ते भिंतीत खोलवर रोवणे. ते वर, मध्ये व खाली असे प्रत्येक बाजूस निदान तीन असावेत.

या कामी वापरावयाच्या गाऱ्याची निवड विचारपूर्वक केली पाहिजे. जुनी भिंत चुन्याच्या अथवा मातीच्या गाऱ्यात बांधलेली असते. ती थोडीफार लवते आणि ओल शोषून पुन्हा बाहेर टाकते. तिच्यात सिमेंटचा कठीण ठोकळा बसविला, तर तो स्वतः फुटत नाही. परंतु त्याच्याभोवतीची विटांची भिंत फुटते आणि अडलेली ओल चौकटीच्या लाकडात उतरते. दोन-चार पावसाळ्यांत ठोकळा भिंतीत सैल होतो, आणि शर्विलकाला हवी होती तशी जागा घरमालकाने स्वखर्चाने तयार करून ठेविलेली असते. म्हणून चुन्याच्या भिंतीत चुन्याचाच गारा वापरावा आणि होल्डफास्टला गंजविरोधी लेप द्यावा. गंजलेले लोखंड मूळ आकारमानाच्या कित्येक पट फुगते व सभोवतालच्या विटांना तडे पाडते. कोकणात व गोव्यात जांभ्याच्या भिंती आणि समुद्राची खारी हवा यांमुळे ही काळजी अधिकच आवश्यक ठरते.

६. झडपा, बिजागऱ्या आणि काच

बाहेर उघडणाऱ्या झडपेच्या बिजागरीचा खिळा बाहेरून दिसतो. तो ठोकून काढला की आतील कडी न उघडताही झडप बिजागरीच्या बाजूने सुटते. यासाठी झडपेच्या बिजागरीकडील कडेस दोन पोलादी खुंट्या बसवून, झडप मिटताना त्या चौकटीतील भोकांत शिरतील अशी व्यवस्था करावी. मग खिळा काढला तरी झडप निघत नाही. जुन्या बिजागऱ्यांचे स्क्रू आखूड असतात आणि भोकेही झिजलेली असतात. ती लाकडी खुंटीने भरून तेथे लांब स्क्रू वापरणे हा अल्प खर्चाचा व चांगला गुण देणारा उपाय आहे. झडपेस मध्यावर एकच कडी असण्यापेक्षा वर व खाली एकेक टॉवर बोल्ट असणे श्रेयस्कर. कारण एकाच जागी धरलेली उंच झडप दुसऱ्या टोकाशी कटावणीने सहज उचकटता येते. बाहेरून पोहोचता येईल अशा जागी लावलेले बोल्ट गोल माथ्याचे असावेत आणि त्यांच्या चाक्या आतील बाजूस असाव्यात.

काचेच्या बाबतीत एक गैरसमज रूढ आहे. कडक केलेली काच साध्या काचेपेक्षा धक्का अधिक सोसते हे खरे. परंतु टोकदार आघात झाल्यास ती एकदम सर्वांगाने भुगा होऊन गळून पडते, आणि संपूर्ण तावदान मोकळे होते. घरफोडीला प्रतिकार करावयाचा असल्यास दोन काचांमध्ये चिवट पारदर्शक पापुद्रा घालून तयार केलेली थरांची काच हवी. ती तडकते; परंतु तिचे तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. ‘ईएन ३५६’ या युरोपीय मानकात अशा काचेवर ४.११ किलोग्रॅम वजनाचा पोलादी गोळा टाकून तिची परीक्षा घेतात. चौथ्या प्रतीच्या काचेने ९ मीटर उंचीवरून तीनदा पडलेला गोळा अडविला पाहिजे.

तथापि, अशी काच जुन्या खिडकीत घालण्यापूर्वी वजनाचा विचार करावा. दर चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे काचेचे वजन अडीच किलोग्रॅम भरते. जुन्या तावदानातील ३ मिलिमीटरची काच काढून ३ मिलिमीटरच्या दोन थरांची काच घातली, तर वजन साडेसातांवरून १५ किलोग्रॅमवर जाते. जुन्या झडपेचे बारीक लाकूड आणि सैल बिजागऱ्या हे ओझे पेलत नाहीत, आणि झडप ओघळून तिचा कडीशी असलेला मेळ बिघडतो. शिवाय काच बाहेरून लांबीने अथवा बाहेरील पट्टीने बसविलेली असेल, तर ती फोडण्याची गरजच नसते. पट्टी उचकटून संपूर्ण काच काढता येते. येथेही निर्णायक असतो तो सांधा. गोव्यातील शिंपल्यांच्या झडपांच्या बाबतीत तर मूळ काम तसेच ठेवून आतील बाजूस उघडता येणारी स्वतंत्र जाळी बसविणे हाच योग्य मार्ग होय.

७. आतून बाहेर जाण्याचा मार्ग

येथवर केलेला विचार बाहेरच्या माणसाला आत येऊ न देण्याचा झाला. परंतु खिडकी हा दोन्ही बाजूंनी मार्ग आहे. दिल्लीच्या अनाज मंडी भागात ८ डिसेंबर २०१९ रोजी दाट वस्तीतील एका इमारतीस आग लागून ४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या इमारतीच्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या, आणि अग्निशामक दलाच्या जवानांना त्या कापून आत शिरावे लागले. जुन्या वाड्यांची परिस्थिती या दृष्टीने अधिक चिंताजनक आहे. त्यांचे जिने अरुंद व लाकडी असतात, मजल्यांच्या तुळया व तक्तपोशी लाकडाची असते, विजेच्या तारा मागाहून ओढलेल्या असतात, आणि पुष्कळदा मागच्या खोलीला खिडकीवाचून दुसरा मार्ग नसतो. जी खिडकी चोराला तीन मिनिटे थोपविते, ती अग्निशामक दलालाही थोपविते. आणि धुराने भरलेल्या खोलीत तीन मिनिटे हा अवधी क्षुल्लक नसतो.

म्हणून झोपण्याच्या प्रत्येक खोलीत निदान एक खिडकी आतून उघडता येईल अशी असली पाहिजे. तिच्या जाळीस बिजागऱ्या लावून ती झडपेप्रमाणे उघडेल अशी करावी. मोकळ्या भागाच्या मापासाठी अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेचे प्रमाण मार्गदर्शक ठरेल. तीत मोकळी रुंदी निदान ५१ सेंटिमीटर, उंची निदान ६१ सेंटिमीटर, एकूण क्षेत्र निदान ०.५३ चौरस मीटर, आणि जमिनीपासून खिडकीच्या तळापर्यंतची उंची जास्तीत जास्त ११२ सेंटिमीटर असे सांगितले आहे. रुंदी व उंची ही दोन्ही किमान ठेवल्यास क्षेत्र केवळ ०.३१ चौरस मीटर भरते. यास्तव दोहोंपैकी एक माप वाढविणे भाग पडते.

अशा जाळीस कुलूप लावावयाचे असल्यास किल्ली खिडकीपासून हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर, परंतु त्याच खोलीत, ठरलेल्या खुंटीवर असावी. घरातील प्रत्येकास, विशेषतः वृद्धांस व मुलांस, ती अंधारात चाचपून घेता आली पाहिजे. किल्लीवाचून उघडणारी खिट्टी अधिक चांगली. मात्र तिच्यावर बाहेरील बाजूने पोलादी पत्र्याचे आच्छादन हवे. वर्षानुवर्षे न उघडलेली जाळी गंजून बसते. म्हणून महिन्यातून एकदा ती उघडून पाहण्याचा परिपाठ ठेवावा. ज्या घरात एकटे वृद्ध माणूस राहते, तेथे तर गजाच्या जाडीपेक्षा ही खिट्टी त्याच्या हातांना झेपते की नाही, ही बाब प्रथम पाहिली पाहिजे.

८. कामाचा क्रम आणि परवानगी

सर्व खिडक्या एकाच वेळी सुधारणे बहुतेकांस शक्य नसते. म्हणून प्रथम पोहोचण्याजोग्या खिडक्या निवडाव्या. तळमजल्याच्या खिडक्या उघडच त्यांत येतात. परंतु पडवीच्या छपरावरून, शेजारच्या भिंतीवरून, सांडपाण्याच्या नळावरून अथवा झाडावरून हाताशी येणारी माडीवरील खिडकीही त्यांतच मोडते. त्यांपैकी रस्त्यावरून न दिसणाऱ्या, बोळाकडील खिडक्यांस अग्रक्रम द्यावा, कारण विलंबाचा उपयोग पाहणारा असेल तेथेच अधिक होतो. बोळातील खिडकीस दिवा आणि बळकटी ही दोन्ही हवीत. कौलारू घरात छपराची कौले हाताने उचलता येत असतील, तर खिडकीवर केलेला खर्च व्यर्थ जाण्याचा संभव आहे. तेथे कौलांखाली तक्तपोशी अथवा जाळी आहे की नाही हे आधी पाहावे.

भाडेकरूंच्या बाबतीत परवानगीचा प्रश्न उद्भवतो. मालक दुरुस्ती करीत नाही आणि भाडेकरू घर सोडवण्याच्या दाव्याच्या भीतीने खिडकीस हात लावीत नाही, अशा अवस्थेत कित्येक खिडक्या कुजत राहतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या १६ व्या कलमात मालकाच्या लेखी संमतीवाचून केलेले कायम स्वरूपाचे बांधकाम हे जागा खाली करून घेण्याचे एक कारण म्हणून दिले आहे. परंतु त्याच कलमात, आवश्यक तेथे नगरपालिकेची परवानगी घेऊन केलेले दार, जाळीकाम व वायुवीजनासाठी उघडलेली खिडकी यांसारखे काम अशा बांधकामात धरावयाचे नाही, असेही म्हटले आहे. ही तरतूद भाडेकरूंना फारशी परिचित नाही. वारसा इमारतींच्या यादीत समाविष्ट असलेल्या घरांच्या बाह्य स्वरूपात फेरफार करण्यापूर्वी मात्र परवानगी घ्यावी लागते. मुंबईत अशी नियमावली १९९५ पासून आहे. आतील बाजूने बसविलेली उघडती जाळी या दृष्टीनेही सोयीची ठरते, कारण ती मूळ चौकट, गज व झडपा यांचे रूप बदलीत नाही.

सारांश, जुन्या खिडकीच्या बळकटीकरणाचा क्रम असा दिसतो : प्रथम ओल थांबवावी व कुजलेले लाकूड बदलावे, नंतर चौकट भिंतीस जखडावी, त्यानंतर गजांची टोके खोल करून मध्यावर पट्टी घालावी, मग बिजागऱ्या, कड्या व काच यांकडे वळावे, आणि हे सर्व करताना प्रत्येक निजण्याच्या खोलीत एक मार्ग आतून उघडा राहील अशी व्यवस्था करावी. यांतील बहुतेक कामे गावातील सुतार, लोहार व गवंडी करू शकतात आणि त्यांसाठी जुनी सागवानी चौकट काढून टाकण्याचे कारण पडत नाही. उलट, निकोप सागवानाची जुनी चौकट ही पुष्कळदा नव्या हलक्या चौकटीहून अधिक टिकाऊ असते. ती काढून तिच्या जागी पातळ पत्र्याची सरकती खिडकी बसविणे हे सुरक्षिततेच्या नावाने घराचे बळ कमी करण्यासारखे आहे.